कडी तिच्या हातात

आमच्या खालच्या मजल्यावरचा शेजारी शेंद्र्याला कंपनीत कामाला आहे. एरवी हळू बोलतो, पण रागावला की आधी डावी मूठ आवळतो. त्यानं हात उचलला म्हणून बायको माहेरी, खुलताबादला निघून गेली होती. राग आवरायला समुपदेशनाला जाणार असाल तरच येईन, असं तिनं बजावलं. तो कबूल झाला, ती परत आली. तेव्हापासून दर रविवारी तो उस्मानपुऱ्यात समुपदेशन करणाऱ्या एका ताईंकडे जातो. मित्र चिडवतात, "बायकोला लई भितो रे!" तो गाडीला किक मारून निघतो.

परवा संध्याकाळी त्याचा आवाज चढला. मी धावत खाली गेले. तेवढ्यात तोच मूठ आवळून बाहेर आला.

"काकू, तुम्ही आत तिच्यापाशी बसा. कडी लावून घ्या."

"आणि तू?"

"मी हितं पायरीवर बसतो. राग आला की बाहेर पडायचं, ताईंनी शिकवलंय. पण राग गेला का नाय, ते मी नाय ठरवायचं. तिला वाटंल तवा ती उघडंल."

मी आत जाऊन कडी लावली. बराच वेळ बाहेरून हाक आली नाही. "उघडू का आता?" मी तिला विचारलं.

"बसू द्या त्यांना," ती म्हणाली. "माझं काळीज अजून धडधडतंय."

आणि तिनं आम्हा दोघींपुरताच चहा टाकला.