सव्वाआठची हजेरी

दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवणाऱ्या त्या बाईंना खऱ्या नावाने ओळखणारे लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. 'खडू' या नावाने ओळखणारे मात्र हजारांनी होते, आणि त्यातल्या जवळजवळ कोणीही त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं.

दिवसभर खडू दातांच्या डॉक्टरांकडून आलेल्या ठशांमध्ये प्लास्टर ओतायची, साचे सोडवायची आणि मेणात एकेक दात बसवायची. घरी यायची ती कोपरापर्यंत पांढरी होऊन. बारा वर्षांपूर्वी एका चॅट नेटवर्कने तिला पहिल्यांदा टोपणनाव विचारलं, तेव्हा तिने आपल्या हातांकडे पाहिलं आणि लिहून टाकलं, खडू. फार विचार करून नाव ठेवणारे लोक तिला आवडायचे नाहीत.

हे नेटवर्क म्हणजे अगदी जुन्या वळणाचं. फोटो नाहीत, आवाज नाही, अंगठे दाखवायची सोय नाही. नुसत्या ओळी. ज्यांचे प्रोग्रॅम कोणीही उघडून बघावेत, दुरुस्त करावेत आणि फुकट वापरावेत, अशा ओपन सोर्सवाल्यांसाठी ते होतं. प्रत्येक प्रकल्पाचं आपापलं चॅनल आणि प्रत्येक चॅनलचा एक किल्लीदार. कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला बाहेर काढायचं हे त्याच्या हातात. नेटवर्क चालवणारे सगळे बिनपगारी स्वयंसेवक. त्यांची एक रीत होती. अधिकाराचा बिल्ला एरवी उतरवून ठेवायचा, चारचौघांसारखं बसायचं, भांडण विकोपाला गेलं तरच बिल्ला लावायचा आणि काम झालं की लगेच काढायचा. खडूला ही रीत फार पटली होती. बिल्ला लावून मिरवणारी माणसं तिने लॅबमध्ये पुष्कळ पाहिली होती.

तिला तिथे आणलं दादाने, म्हणजे आणलं असं नाही. थोरला भाऊ पाणीपुरवठा खात्यात ड्राफ्ट्समन होता. दोघं एकाच घरात राहायची, दोघंही एकटीच. गावच्या पाइपलाइनीत कुठल्या वळणावर पाण्याला किती दाब राहील हे काढून देणारा एक प्रोग्रॅम त्याने नोकरीत असतानाच लिहिला आणि 'नळ' असं नाव देऊन जगाला देऊन टाकला. निवृत्त झाल्यावर तर तो दिवसभर त्याच चॅनलमध्ये. हा माणूस दार लावून एकटाच हसतो कशाला, हे बघायला खडू एकदा डोकावली, आणि तिथलीच झाली, पुढे स्वयंसेवकसुद्धा.

नेटवर्कचे जुने नियम प्रोग्रॅमरांनी लिहिलेले होते. ते वाचून माणूस सुधारण्याऐवजी वकील झाला असता. खडूने ते नव्याने लिहिले. 'कोणाला मूर्ख म्हणण्याआधी आपण इथे विचारलेला पहिला प्रश्न आठवावा.' 'चॅनलमधलं बोलणं बाहेर छापणार असाल, तर आधी दारावर तशी पाटी लावा.' 'दुसऱ्याची खासगी गोष्ट चव्हाट्यावर आणू नका.' 'चॅनल प्रकल्पाचं असतं, किल्लीदाराचं नव्हे. तो नव्वद दिवस फिरकला नाही आणि प्रकल्पवाल्यांनी मागितली, तर किल्ली त्यांना द्यावी.' आणि एक नियम असा होता: 'नाव ज्याचं त्याचं. दुसऱ्याच्या नावाने आत बसू नये, घरच्यांच्याही नाही.'

या शेवटच्या दोन शब्दांना इतिहास होता. एक गृहस्थ दोन महिने बायकोच्या नावाने बसून स्वतःच्याच कोडची तोंड भरून स्तुती करत होते. बायकोला पत्ताच नव्हता. ती बिचारी त्या दिवसांत त्यांच्याशी बोलतसुद्धा नव्हती. उघडकीला आल्यावर गृहस्थ म्हणाले, 'घरचंच नाव आहे, त्यात काय झालं?' खडूने त्याच संध्याकाळी नियमात दोन शब्द वाढवले.

गेल्या वर्षी दादाला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, जीभ वळेना. डॉक्टर म्हणाले, "समज अगदी शाबूत आहे. बोलणं परत येईल की नाही, सांगता येत नाही." खडूने मग अशा वेळी माणसं करतात तेच केलं, म्हणजे घरातली मांडणी बदलली. पलंग खाली आणला, चाकांची खुर्ची आणली, दिवसा सांभाळायला एक बाई ठेवल्या. आणि दादाच्या खोलीतला कॉम्प्युटर उचलून पुढच्या खोलीत नेला आणि त्यावर कापड घातलं. सारखा डोळ्यांसमोर राहिला तर याचा जीव तुटेल, असं तिचं म्हणणं. दादाला तिने विचारलं नाही. बोलता न येणाऱ्याला विचारायचं कसं, असं ती म्हणायची. हो-नाही सांगायला मान पुरते, हे काही तिला माहीत नव्हतं असं नाही.

मग नव्वद दिवस भरत आले. नियम तिचाच, दिवस मोजणारी तीच. एके सकाळी सव्वाआठला, डबा भरून झाल्यावर आणि बाई यायच्या आधी, तिने कॉम्प्युटरवरचं कापड उचललं. पासवर्ड दादाने कीबोर्डखाली चिठ्ठीवर लिहून ठेवलेला होता. तिने त्याच्या नावाने आत प्रवेश केला. दोन मिनिटं थांबली. एक अक्षर लिहिलं नाही. बाहेर पडली.

हिशेबाने पाहिलं तर नव्वद दिवसांतून एकदा एवढं पुरे होतं. खडू रोज करू लागली. उपस्थितांच्या यादीत दादाचं नाव उमटलं की तिला बरं वाटायचं. दुसरं काही कारण नव्हतं. आपण बोलत तर नाही ना, कोणाच्या नमस्कारालाही उत्तर देत नाही, मग हे दुसऱ्याच्या नावाने बसणं होत नाही, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. त्याच्या आजाराबद्दलही ती चॅनलमध्ये चकार शब्द बोलली नाही. कारण दुसऱ्याची खासगी गोष्ट चव्हाट्यावर आणायची नसते. नियमामागे दडून बसायला जो नियम लिहितो त्याच्याइतकी सोयीची जागा कोणालाच सापडत नाही.

असे सात महिने गेले.

एका दुपारी लॅबमध्ये डबा खाताना तिने स्वयंसेवकांची टपालपेटी उघडली. 'नळ'च्या चॅनलसाठी अर्ज आला होता. पाठवणाऱ्याला सगळे मीटरवाला म्हणत. तो एका लहानशा गावात घरोघर पाण्याचे मीटर वाचायचा, आणि दादा गप्प झाल्यापासून 'नळ'चं बहुतेक काम त्यानेच अंगावर घेतलं होतं. त्याने लिहिलं होतं, की चॅनलमध्ये जाहिरातवाल्यांनी उच्छाद मांडला आहे, त्यांना हाकलायची किल्ली आमच्यापैकी कोणाकडे नाही. दर वेळी नेटवर्कच्या स्वयंसेवकांना बोलवावं लागतं. घरमालक घरात असताना शेजाऱ्यांनी किती दिवस झाडू मारायचा? किल्ली आम्हाला मिळावी.

खडूच्या आधीच पोस्टमास्तरांचा शेरा येऊन पडला होता. पोस्टमास्तर खरोखरच निवृत्त पोस्टमास्तर होते आणि सगळ्या स्वयंसेवकांत वडीलधारे. त्यांनी लिहिलं होतं, 'किल्लीदार रोज येतो. आजही आला होता. नव्वद दिवसांचा प्रश्नच उद्भवत नाही. अर्ज फेटाळावा.'

म्हणजे काम झालं होतं. खडूने फक्त 'सहमत' लिहायचं होतं. किल्ली दादाकडे राहिली असती, तिची बारा वर्षांची जागा तिच्याकडे राहिली असती, कोणाला काही कळलं नसतं. तिने घास तोंडात घातला आणि अर्जाचा खालचा भाग वाचला.

'किल्ली नाही दिली तरी चालेल,' मीटरवाल्याने लिहिलं होतं, 'पण एक विचारायचं आहे. दादासाहेब रोज सव्वाआठला येतात. आम्ही नमस्कार करतो. ते एक शब्द न बोलता निघून जातात. सात महिने हेच चाललंय. आमचं काही चुकलं का? मला जे येतं ते सगळं त्यांनी शिकवलं. आता मी सव्वाआठ वाजायच्या आत बाहेर पडतो, कारण त्यांचं ते येऊन न बोलता जाणं मला बघवत नाही. दोघं जण तर कामच सोडून गेले.'

खडूने डबा तसाच झाकला. त्या दुपारी तिने एका कवळीत डाव्या दाढा उजवीकडे आणि उजव्या डावीकडे बसवल्या आणि लॅबच्या मालकाचं बोलणं मुकाट्याने ऐकून घेतलं. दादाचं जगात स्वतःचं म्हणावं असं ते चॅनलच उरलंय, असं मानून ती ते राखत बसली होती. आणि इतके दिवस तिथे दादाला सगळे शिष्ट म्हणत असणार. उलटून नमस्कारही न करणारा माणूस.

पाच वाजता हात न धुताच तिने पोस्टमास्तरांना खासगीत लिहिलं.

"अर्ज फेटाळू नका. रोज येतो तो दादा नाही. मी येते. त्याला झटका आलाय."

पोस्टमास्तरांना या दोघांचं नातं माहीत होतं. आजार माहीत नव्हता. उत्तरादाखल एकेक ओळ येऊ लागली.

"फार वाईट झालं. कधी?"

"दहा महिने झाले."

"आणि घरच्यांच्याही नाही, हे शब्द नियमात कोणी घातले?"

"मीच."

"मग मला विचारण्यासारखं काय आहे? आजपासून सहा महिने तुझे अधिकार बंद."

"मान्य."

"अर्जाचं मी बघतो. पण किल्लीदाराचा ठावठिकाणा माहीत असेल तर आधी त्याला विचारायचं, हाही तुझाच नियम. विचारलंस का त्याला?"

"मास्तर, सांगितलं ना. उजवा हात गेलाय. त्याला बोलता येत नाही."

"अगं, मग? इथे कोण बोलतं?"

बारा वर्षं खडू ज्या जागी बसत होती तिथे कोणीही कोणाचा आवाज ऐकलेला नव्हता. कोण बोबडं, कोण तोतरं, कोण मुकं, याची तिथे कधी कोणाला गरजच पडली नव्हती. आणि डावा हात तर दादाचा धडधाकट होता. त्याच हाताने तो रोज जेवायचा.

घरी पोचली तेव्हा बाई पिशवी आवरत होत्या. "आजही तेच हो ताई," बाई म्हणाल्या. "सारखं पुढच्या खोलीकडे बोट. मला वाटतं बाहेरचं बघायचंय, म्हणून खिडकीशी नेते, तर मान फिरवून बसतात. रागीट आहेत बाई फार."

बाई गेल्यावर खडू दादाच्या खुर्चीसमोर खालीच बसली. मीटरवाल्याचा अर्ज तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला आणि मग आपण सात महिने रोज सकाळी काय करत होतो तेही सांगितलं. काही गाळलं नाही. दादा आधी ऐकत होता. मग त्याने डोळे मिटले. मग डाव्या हाताने खुर्चीच्या हातावर असा जोरात फटका मारला, की ती दचकून मागे सरकली. लहानपणी तिने त्याची कंपासपेटी हरवली होती तेव्हापासून तो तिच्यावर इतका चिडलेला तिने पाहिला नव्हता.

तिने खुर्ची पुढच्या खोलीत ढकलत नेली. कापड त्याने स्वतःच ओढून काढलं. पासवर्ड टाकताना तो चार वेळा चुकला. ती मदतीला हात पुढे करणार, तर त्याने तो हात बाजूला लोटला. पाचव्यांदा जमलं.

चॅनलमध्ये सहा जण होते. कोणी नमस्कार केला नाही. सात महिन्यांत सगळ्यांचा उत्साह मावळला होता. दादा एका बोटाने लिहू लागला. अक्षर शोधायचं, दाबायचं, चुकलं की खोडायचं. ओळ पुरी व्हायला अकरा मिनिटं लागली.

'मी आजारी आहे. उजवा हात गेला. डाव्याने लिहितो. धीर धरा.'

पलीकडून एकदम इतक्या ओळी आल्या, की वाचता वाचता वरच्या निसटून गेल्या. दादा त्यांत पडला नाही. त्याने आधी किल्ली मीटरवाल्याच्या नावावर केली. तेवढी आज्ञा लिहायला आणखी सात मिनिटं. त्यानंतर त्याने लिहिलं, 'नव्या आवृत्तीत उताराच्या वळणावर दाब चुकतोय. उद्या दाखवतो.' मीटरवाल्याने हसण्याची खूण पाठवली, मग रडण्याची, मग दोन्ही एकदम. सोडून गेलेल्या दोघांना निरोप धाडतो म्हणाला.

खडू मागे उभी राहून वाचत होती. दादाच्या तोंडाची डावी बाजू हसत होती. इतक्या महिन्यांत तिने ते पाहिलं नव्हतं. त्याच्या भल्यासाठी म्हणून त्याचं नाव तिने जपलं होतं आणि त्याला स्वतःला मात्र पुढच्या खोलीपासून लांब ठेवलं होतं. हे तिला आता कोणी सांगायला नको होतं, आणि तिला स्वतःची अतोनात लाज वाटली.

"पण दादासाहेब," मीटरवाल्याने विचारलं, "रोज तर दिसायचात. मग इतके दिवस होतात तरी कुठे?"

दादाचं बोट थांबलं. त्याने मान वळवून बहिणीकडे पाहिलं. तिने नजर चुकवली नाही. लिही, असं ती म्हणाली. तो पुन्हा वळला आणि सावकाश लिहू लागला.

'घरीच होतो. कोणी विचारलं नाही.'

दोन्ही वाक्यं पडद्यावर होती, अजून पाठवलेली नव्हती. तिने ती वाचली आहेत याची खात्री होईपर्यंत तो थांबला. मग दुसरं वाक्य त्याने त्याच बोटाने एकेक अक्षर करत खोडलं आणि पहिलं तेवढं पाठवलं.