दीड महिना आधी

दौंडला आमच्या शेजारी रेल्वेतले एक पॉइंट्समन राहायचे. दारातल्या बारमाही लाल गुलाबावर त्यांचा भारी जीव. आज छाटला की दीड महिन्यानं फुलणार, हा त्यांचा पक्का हिशेब. आळीत कुणाचं लग्न ठरलं की ते तारीख विचारत, बोटांवर मागं मोजत आणि नेमक्या दिवशी कात्री चालवत. चौदा एप्रिलसाठी तर फेब्रुवारी सरतानाच झाड बोडकं व्हायचं.

पंचाहत्तर साली माझी बदली ठरली. मी तारीख सांगितली, पण त्यांनी कात्री काही उचलली नाही.

"मास्तर, तुम्ही जानार आन् मी फुलं आणू व्हय? न्हाई जमायचं."

निघायच्या दिवशी टांगा दारात आला, तर झाडावर एक टपोरं फूल. त्यांनी ते खुडून माझ्या खिशाला लावलं आणि झाडावरच खेकसले, "तुला रं कुणी सांगितलं हुतं?"