क्रेनवाल्या मावशीचं यान

मावशीने तीस वर्षं बंदरावर क्रेन चालवली. निवृत्त झाल्यावर लेकीने तिला घरच्या कॉम्प्युटरवर अंतराळयान उडवायचा खेळ टाकून दिला. महिन्याभरात मावशी रोज दुपारी जेवण आटोपलं की पृथ्वीभोवती घिरट्या घालू लागली.

तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे भाऊजी, विज्ञानाचे निवृत्त मास्तर. ते आले की मंगळावरच्या भावी वस्तीबद्दल तासभर बोलत. एकदा मावशीने त्यांना सरळ खुर्चीत बसवलं. "मंगळाचं राहू द्या, आधी हे यान अंतराळ स्थानकाला जोडून दाखवा."

भाऊजींनी गणित बरोबर मांडलं, पण हात घाईचा. तीन वेळा त्यांनी स्थानकाचे तुकडे केले. चौथ्यांदा यान भलतीकडेच निघून गेलं.

"तुमची वस्ती होईल हो," मावशी म्हणाली, "फक्त तुम्ही प्रवासी म्हणून जा."

मग ती स्वतः बसली. टांगलेल्या ओझ्याला हेलकावा बसू द्यायचा नाही, ही तिच्या हाताची जुनी सवय. मुंगीच्या पावलांनी तिने यान नेलं आणि अलगद जोडलं.

भाऊजी दोन दिवस फुगून बसले. तिसऱ्या दिवशी चष्मा पुसत पुन्हा आले. मावशीने शेजारी खुर्ची ओढली. "मला हे बारीक आकडे दिसत नाहीत हो. वेग तुम्ही मोठ्याने वाचाल का?"

तिची नजर घारीसारखी होती. पण भाऊजी तेव्हापासून रोज वेग वाचतात, आणि शेजाऱ्यांना सांगतात, "यान मी सांगतो तसंच चालतं."