आधी पंप, मग नोंद

ऑफिसात त्याला सगळे मास्तर म्हणत. शाळेशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. पण सतरा वर्षं तो येणाऱ्या-जाणाऱ्याकडून एकच धडा घोकून घेत होता : आधी पंप, मग नोंद. कंपनी डायलिसिसची मशीनं बनवायची, आणि मशीनमधल्या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, मास्तर सांभाळायचा.

कर्नलमध्ये बरीच कामं एकदम चालतात. दोघांनी एकाच माहितीला एकाच वेळी हात घालू नये म्हणून तिला कुलूप असतं. एक पंपाच्या माहितीला, एक नोंदींना. दोन्ही हवी असतील तर सगळ्यांनी ठरलेल्या क्रमानंच घ्यायची. एकानं क्रम उलटवला की बोंबललं : एकाच्या हातात काडेपेटी, दुसऱ्याच्या हातात मेणबत्ती, दोघंही म्हणणार ‘आधी तू दे’, आणि खोलीत अंधार तो अंधारच.

चाचणीच्या खोलीत सहा मशीनं बादल्यांतून मिठाचं पाणी फिरवत असत. नवं सॉफ्टवेअर घातल्यावर त्यांतलं चौथं एका दुपारी असंच अडकलं. पंप फिरत होता, पण पडद्यावरचे आकडे हलेनात. मास्तरनं नळीत मुद्दाम हवा सोडली, तर धोक्याची घंटाही वाजेना. त्याची थोरली बहीण अक्का आठवड्यातून तीनदा अशाच मशीनला जोडलेली असायची.

संशय बाहेरून घेतलेल्या ड्रायव्हरवर, म्हणजे पंप चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमवर होता : तोच कुलपं उलट्या क्रमानं घेत असावा. त्याचा कोड बघायची सोय नव्हती, आणि तो लिहिणारी कंपनीच बुडाली होती. म्हणून मास्तरनं आपल्या बाजूनं एक ओळ घातली : कोणतं कुलूप कोणी घेतलं ते छापणारी. मशीन पुन्हा अडकलं की चोर सापडणार होता. पण मशीन अडकेचना! छापण्यात जो पापणी लवण्याइतका वेळ जायचा, तेवढ्यात दुसरा आपलं काम उरकून मोकळा व्हायचा. ओळ काढली, नवव्या दिवशी अडकलं. घातली, महिनाभर सुरळीत.

हे त्यानं प्रामाणिकपणे साहेबांना सांगितलं आणि हात दाखवून अवलक्षण करून घेतलं.

“मग राहू दे की ती ओळ,” साहेब म्हणाले.

“साहेब, त्यानं ते नुसतं झाकलं जातंय. कामाचा वेग जरा बदलला की पुन्हा होईल.”

“कधी?”

“ते नाही सांगता येत.”

“बरं, दोष ड्रायव्हरचाच, याला पुरावा?”

“ओळ असली की ते होत नाही, आणि ओळ नसली की पुरावा मिळत नाही.”

साहेबांना हसू आलं. दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर मास्तरही हसला असता.

“नवा ड्रायव्हर म्हणजे सगळ्या परवानग्या पहिल्यापासून. वर्ष जाईल. तोवर जुनं सॉफ्टवेअर चालू ठेवायचं? त्यात दाब चुकीचा दिसतो, हे तूच शोधलंस ना?”

शोधलं होतं खरं. इकडे आड, तिकडे विहीर. मास्तरनं त्या ओळीसकट नव्या सॉफ्टवेअरच्या मंजुरीवर सही केली आणि त्याला स्वतःची किळस आली.

नवं सॉफ्टवेअर अक्काच्या डायलिसिस केंद्रात आलं त्या सकाळी तो अक्काबरोबर गेला. तिथल्या सिस्टरला त्यानं बाजूला घेतलं.

“सिस्टर, पडद्यावरचे सेकंद थांबले तर पंप लगेच हातानं बंद करा.”

“भाऊ, तेरा खुर्च्या आहेत आणि आम्ही दोघी. घंटा वाजली की धावतो ना आम्ही.”

घंटा वाजणार नाही, हे त्याच्या ओठांवर आलं. पण मग काय? ही मशीनं बंद करा म्हणायचं? आज रक्त शुद्ध झालं नाही तर हे तेरा जण जाणार कुठे? तो अक्काशेजारी स्टुलावर बसला आणि सेकंद मोजू लागला.

“काय रे, एवढा डोळे फाडून काय बघतोस?” अक्का हसली. मग पलीकडच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्यांना म्हणाली, “अहो आजोबा, हाच तो माझा भाऊ. याच्या हातचं मशीन आहे. खुशाल झोपा तुम्ही.”

आजोबांनी मास्तरकडे बघून हात जोडले आणि डोळे मिटले. त्यांचा पडदा अक्काच्या पडद्याकडे पाठ करून होता. मास्तरनं स्टूल तिकडे वळवलं, थोडा वेळ त्यांचे सेकंद मोजले, आणि घाबरून पुन्हा अक्काकडे वळवलं.