पिकला आंबा हिरवा दिसतो तेव्हा

मी तापट माणूस. आजही आहे, पण तेव्हाचं तर विचारूच नका. सत्तर साल नुकतंच उलटलं होतं आणि मी राजूरच्या शाळेत सायन्सचा मास्तर म्हणून लागलो होतो. नेमणूक तात्पुरती. नगरचे साहेब तपासणीला येणार, त्यांनी शेरा चांगला दिला तर कायम, नाहीतर वर्षाअखेर नारळ. लग्नाला चार महिने झाले होते. बायको श्रीगोंद्याकडची. नोकरी गेली तर खोली सोडायची, हिनं माहेरी जायचं आणि मी पुन्हा अर्ज खरडत हिंडायचं, असं आमच्या घरात ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे मी ठरवलं होतं.

साहेबांवर छाप पाडायची म्हणून मी प्रोजेक्टर बनवायला घेतला. रॉकेलचा रिकामा डबा, आत मोठा बल्ब, बल्बामागे दाढीचा आरसा आणि पुढे नगरच्या जुन्या बाजारातून घासाघीस करून आणलेलं भिंग. काचेच्या तुकड्यांवर मी स्वतः रंगीत शाईनं चित्रं काढली. पिकलेला हापूस, झेंडू, जास्वंद, माणसाचं हृदय. पडद्याला हेडमास्तरांनी आपलं एक धोतर दिलं. "मास्तर, धोतर जुनं आहे, पण चांगलं आहे. जपून," म्हणाले.

खिडक्यांना पोती लावून वर्गात अंधार केला आणि बटण दाबलं. आंबा दिसला. आईशप्पथ, अंगावर काटा आला! हातभर आंबा, देठासकट. पण रंग? हिरवट. पिकला हापूस कैरीच्या वळणावर गेलेला. हृदय लावलं तर ते वांग्यासारखं जांभळं.

"सर, ह्ये काळीज लई दिवसाचं हाय का?" आमचे शिपाईमामा म्हणाले. पन्नाशीचे होते, म्हणून गप्प बसलो.

मग मी बिघाडाच्या मागे हात धुऊन लागलो. पहिल्या दिवशी बल्ब बदलला. आंबा हिरवाच. दुसऱ्या दिवशी आरसा काढून नवा बसवला. आंबा आणखी हिरवा. काचा पुसल्या, शाई बदलली, चित्रं नव्यानं काढली. तरी हिरवा, आणि आदल्या दिवसापेक्षा चढता! वायरमनला बोलावून व्होल्टेजवरून त्याच्याशी भांडलो. भिंग विकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मी जेवढं दुरुस्त करीत होतो, तेवढं यंत्र बिघडत होतं.

रोज संध्याकाळी धोतर काखेत मारून घरी यायचो. शाळेतल्या धुळीनं ते मळायचं, म्हणून बायको ते धुऊन ठेवायची. मी आलो की ताटावर बसून सुरू. चित्र बिघडलंय, रंग मरतोय, वाटोळं झालंय. ती भाकरी वाढायची आणि ऐकायची. एकदा म्हणाली, "अवो, मी काय करू का?" मी खेकसलो, "तू काय करणार? तुला काय कळतंय त्यातलं?" ती उठून आत गेली. धुण्याचा आवाज तेवढा येत राहिला.

साहेब आले. वर्ग गच्च भरला. चहापाण्याला हातभार म्हणून मास्तरांच्या बायकांना बोलावलं होतं, त्या मागे भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यात हीपण. मी देवाचं नाव घेतलं आणि आंबा लावला.

हिरवागार! इतका की, मला वाटलं, आता त्याला मोहर येईल.

"पिकलेला हापूस," मी कसाबसा म्हणालो. हेडमास्तर खोकले. साहेबांनी डायरीत काहीतरी लिहिलं, ते जास्त वाईट.

तेवढ्यात खिडकीचं एक पोतं सुटलं. ते लावायला शिपाईमामा लगबगीनं पडद्यापुढून निघाले. साहेब येणार म्हणून त्यांनी मांजरपाटाचा कोरा सदरा शिवला होता, पाण्याचा थेंब न लागलेला. आंबा त्यांच्या पाठीवर पडला. पिवळाधमक!

पोरं ओरडली, "पिकला! पिकला!"

"मामा, हलू नका!" मी किंचाळलो. आपल्या हातून काय गुन्हा घडला ते त्या बिचाऱ्याला कळेना. हात खाली सोडून, श्वास धरून ते उभे राहिले. मी भराभरा काचा बदलल्या. झेंडू केशरी. जास्वंद लालभडक. हृदय ताजं. मामा हळूच म्हणाले, "सर, पाठीवर काय चाललंय?"

साहेब उठून जवळ आले. "याच्या पाठीवर लाल आणि धोतरावर जांभळं. का हो, मास्तर?"

मी तोंड उघडलं. बल्ब, आरसा, शाई, व्होल्टेज, एकेक करून सगळं सांगायला लागलो.

मागून आवाज आला. "सायेब, त्यांची चूक न्हाई." बायको उभी राहिली होती. पदर दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. "निळीनं झालंय. धोतर मी धुते. चित्र बिघडलं म्हनून ह्ये रोज चिडायचे. मला वाटलं, धोतरच पांढरं निघंना. म्हनून रोज नीळ वाढवत गेले. काल तर आक्खी पुडी घातली."

हशा पिकला. मी वर्गभर पाहिलं. पोरांच्या टोप्या, हेडमास्तरांचं नेसूचं धोतर, एवढंच कशाला, भिंतीच्या चुन्यातसुद्धा नीळ. आमच्याकडे पांढरं म्हणजे निळीचं पांढरं. अख्ख्या वर्गात कोरं कापड एका मामांच्याच अंगावर होतं.

साहेब हसले. "बाई, हे तुम्ही घरात यांना बोलला नाहीत?"

"त्यांनी इचारलं न्हाई," ती म्हणाली. त्यात तक्रार नव्हती. साहेबांनी विचारलं, तिनं सांगितलं.

माझे कान तापले. वायरमनला विचारलं, हेडमास्तरांना विचारलं, मामांना विचारलं. पडदा रोज जिच्या हातात होता, तिच्यावर नुसता ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा मला माझी स्वतःची लाज वाटली.

साहेबांनी जाताना माझ्या पाठीवर थाप मारली आणि शेरा चांगला लिहिला. संध्याकाळी आम्ही घराकडे निघालो. ती नेहमीसारखी दोन पावलं मागे. बाजाराजवळ आल्यावर तिनं विचारलं, "अवो, नोकरी ऱ्हायली का?"

म्हणजे मी तिला तेही सांगितलं नव्हतं!

"राहिली," मी म्हणालो.

ती मटकन रस्त्याकडेच्या दगडावर बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली. "मला वाटलं, माझ्या हातानं गेली."

बाजारचे लोक थांबून बघत होते. बघू देत म्हटलं. मी तिच्या शेजारी दगडावर बसलो. विचारलं, "लई घाबरली होतीस का?"

तिनं पदरानं नाक पुसलं आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"इचारताय का आज? मग बसा. लई सांगायचं हाय."