फटफटीची पुढची सीट

सांचीला फटफटीवर जायचं हे मी ठरवलं. फटफटी माझ्या वडिलांची, आणि ती चालवायला त्यांनीच मला शिकवलेलं. तरीही आमच्या नांदेडच्या घरात या प्रवासाची बैठक बसली तेव्हा चर्चा चालली होती माझ्या नवऱ्याच्या कंबरेची. एवढ्या लांब गाडी चालवायची म्हणजे कंबर धरणार, पट्टा बांधावा का, मधे एक दिवस आराम करावा का. मी स्वयंपाकघरात चहा गाळत ऐकत होते. पुढच्या सीटवर कोण बसणार, हे मला कुणी विचारलंच नाही. त्यात विचारण्यासारखं काही आहे असंच कुणाला वाटलं नाही.

वडील वीज खात्यात लाइनमन होते. कंधारला, म्हणजे आमच्याच गावी, बदली झाली तेव्हा त्यांनी ही फटफटी कुणाची तरी वापरलेली घेतली, आणि खांबांमागे तालुकाभर पळवली. रविवारी ते किल्ल्याजवळच्या मोकळ्या रस्त्यावर मला पुढे बसवायचे आणि स्वतः मागे बसायचे. पडलीस तर आधी गाडी बंद कर, मग रड, एवढाच त्यांचा धडा. लग्न होईपर्यंत मी ती हौसेनं चालवली. लग्नानंतर मात्र ज्या ज्या गाडीवर बसले, तिथे मागेच बसले. वडील गेल्यावर फटफटी लातूरला धाकट्या भावाकडे गेली. त्यानं तिला जपलं, आरटीओतून कागदही नव्यानं करून आणले, पण चालवायचा त्याला काही धीर झाला नाही.

यंदा मी शाळेतून निवृत्त झाले. निरोप समारंभात शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि 'आता आराम करा' असं प्रत्येकानं बजावलं. मला आरामाचा आधीच राग. त्याच संध्याकाळी मी घरी सांगून टाकलं, की मी फटफटीवर सांचीला जाणार. स्तूप बघायची इच्छा जुनीच होती, फक्त तिकीट काढून जायची इच्छा नव्हती.

आमच्याकडे प्रवासाचा बेत नकाशावर होत नाही, सोयऱ्यांवर होतो. हिंगोलीत नणंद, वाशीमला मावससासरे, अकोल्याला जाऊबाईंचं माहेर. एकाकडे जेवून दुसऱ्याकडे नुसता चहा घेतला तर दुसरा वर्षभर रुसतो. घरच्या ग्रुपवर बातमी पडली आणि तासाभरात ज्याच्या त्याच्या घरी आमचं जेवण ठरलं. मी मोबाइलवर सरळ रस्ता दाखवत होते, तर दिरांनी विचारलं, "आन अकोल्याच्या पुढं?"

"अकोल्याच्या पुढं बऱ्हाणपूर," मी म्हटलं.

"तिथं आपलं कोन हाय?"

"कुणी नाही."

"मग कसं जाता?" त्यांनी इतक्या काळजीनं विचारलं, जणू सोयरे संपले की डांबरही संपतं.

मग मी मोबाइल खाली ठेवला आणि सांगितलं, की गाडी मी चालवणार आहे. दिरांना ठसका लागला. नवरा माझ्याकडे बघून हसला, पण ते हसणं बाजू घेतल्याचं होतं की चेष्टेचं, हे मला कळलं नाही. शेवटी सगळ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. आमच्या घरात त्यांचा शब्द शेवटचा. माणूस सुशिक्षित असो की नसो, त्यांच्यापुढे तोंड उघडताना विचार करतो.

सासूबाई सावकाश म्हणाल्या, "लई वाद नका करू. गाडी लातूरला हाय ना? दोघं जा. जो ती चालवीत आणून माझ्या दारात लावील, त्यानं ती सांचीला न्यावी. दुसऱ्यानं मागं बसावं."

त्यांना खात्री होती की त्यांचा मुलगाच आणणार. मलाही माझी खात्री होती. बाकीच्यांनी मान डोलावली, कारण त्यांच्या मते निकाल आधीच लागलेला होता.

लातूरला भावानं अंगणात फटफटीवरचं कापड ओढलं. काळी टाकी, तिच्यावर वडिलांनी स्वतः ब्रशनं मारलेली निळी रेघ अजून तशीच. भाऊ नवऱ्याला म्हणाला, "दाजी, पयले तुम्ही बसा." मान त्यांचा, तेव्हा ते आधी बसले. आता या जुन्या गाडीची एक खोड सांगायला हवी. हिचा गिअर उजव्या पायाला आहे आणि ब्रेक डाव्या. हल्लीच्या सगळ्या गाड्यांच्या बरोब्बर उलटं. माझा नवरा आयुष्यभर हल्लीच्या गाड्या चालवत आलेला. गाडी निघाली, झोकात निघाली, आणि समोर वहिनीच्या वाळत घातलेल्या सांडग्यांची खाट आली तेव्हा त्यांनी उजवा पाय दाबला. ब्रेक लागायच्या ऐवजी पुढचा गिअर पडला. खाट आडवी, नवरा आडवा, आणि सांडगे अंगणभर. लागलं कुणालाच नाही, पण वहिनीचा चेहरा मला अजून आठवतो.

मग मी ओढणी कमरेला खोचली. किक मारायच्या आधी काय करायचं ते पायालाच आठवलं. डाव्या हाताशी एक लहान खटका असतो, तो दाबून किक हळूच खाली न्यायची. टाकीपुढच्या मीटरचा काटा मधोमध आला की खटका सोडायचा आणि मग अंगाचा सगळा भार टाकायचा. ताकद लागत नाही, वेळ साधावी लागते. पहिल्या किकला फटफटी खोकली. दुसऱ्या किकला ती जी सुरू झाली, ती तशीच, वडील कामावरून घरी आल्याचं ज्या आवाजानं आम्हाला कळायचं त्याच आवाजात. भाऊ तोंड फिरवून उभा राहिला. माझेही डोळे भरले, पण मला धडा आठवत होता. गाडी बंद करायची नव्हती, म्हणून रडायचंही नव्हतं.

उदगीरपर्यंत नवरा मागे सीट घट्ट धरून बसला होता. जळकोटच्या पुढे चढ आला. मी गिअर उतरवला, फटफटीनं दमानं चढ घेतला, आणि माथ्यावर वारा असा अंगावर आला की मी मोठ्यानं ओरडले. साठीच्या आसपासची बाई हेल्मेटच्या आत ओरडते आहे, हे रस्त्याकडेच्या शेरडांनीही मान वर करून पाहिलं. एवढा आनंद मला कधी झाला होता ते आठवत नाही. नवरा कानाशी ओरडला, "लई भारी चालवून राहिलीस तू!" मला वाटलं, आता हे जिंकलंच.

पण पुढे कंधार होतं, आणि कंधार माझं माहेर. तिथे काका-काकू जेवणाला थांबलेले. गाव दिसायला लागलं तसं नवऱ्यानं माझ्या खांद्यावर थोपटलं. गाडी बाजूला घ्यायला लावून ते म्हणाले, "हे बघ, एवढं एक ऐक. सासरवाडीत जावई बायकोच्या मागं बसून जाणं बरं दिसंना. दारापर्यंत मी नेतो. जेवून निघालो की पुन्हा तू."

मला संताप आला. ज्या रस्त्यावर मी ही गाडी शिकले, त्याच रस्त्यावर मी मागे? पण खरं सांगते, मी उतरले. जावयाचा मान ही गोष्ट माझ्याही हाडात मुरलेली आहे. काकांची मान माझ्यामुळे खाली जाईल, असं मला त्या क्षणी खरोखर वाटलं. मी नुसतं म्हटलं, "ब्रेक डाव्या पायाला."

"मालूम हाय मला," ते म्हणाले.

काकांच्या दारात सगळे उभे होते. आमच्याकडे पाहुणा आला की दारातच तांब्याभर पाणी देतात, आणि गाडी चालवत आलेल्याला ते आधी देतात, कारण दमून तो आलेला असतो. काकू तांब्या घेऊनच उभ्या होत्या. काका म्हणाले, "या जावाई!" आणि जावयांनी उजवा पाय दाबला. गिअर पडला, आणि आम्ही काकूंच्या समोरून, त्यांच्या तांब्यासमोरून, सरळ पुढे निघून गेलो.

"डावा पाय!" मी ओरडले.

"ओरडू नको, मी गडबडतो!"

बस स्टँडला वळसा घालून आम्ही परत आलो. दारातली माणसं एव्हाना वाढली होती. काका पुन्हा म्हणाले, "या जावाई," पण यावेळी आवाजात शंका होती. पुन्हा उजवा पाय. पुन्हा आम्ही पुढे. मागून काकूंचा प्रश्न स्पष्ट ऐकू आला, "आवं, रुसलेत का काय ह्ये?"

तिसऱ्या फेरीला त्यांनी घाबरून अ‍ॅक्सिलेटर पार सोडला. चढावर गाडी मंदावली, तशी मी पाय टेकवून मागच्या मागे उतरले. नवरा मात्र गाडीसकट आडत दुकानासमोरच्या सोयाबीनच्या पोत्यांवर जाऊन अलगद आडवा झाला. सगळी गल्ली पळत आली. मी आधी गाडी बंद केली.

पोत्यांवरून उठत त्यांनी कपडे झटकले. मला वाटलं, आता गाडीवर खापर फुटणार, नाहीतर माझ्यावर. काकू पाण्याचा तांब्या घेऊन धावत त्यांच्यापुढे आल्या. त्यांनी तो घेतला नाही.

"काकू, पानी आधी हिला द्या," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "लातूरहून गाडी हीच चालवीत आली. मी खामखा गावाबाहेर पुढं बसलो, मानासाठी. मान कसा झाला ते बघितलंच तुम्ही."

गल्ली हसली. तेही हसले. काका मात्र हसले नाहीत. फटफटी उभी करून त्यांनी टाकीवरची निळी रेघ तळहातानं पुसली आणि म्हणाले, "ह्याच रस्त्यावर शिकलीस माय तू. तुझा बाप मागं बसायचा. त्याला तर कधी लाज वाटली न्हाई." मी तांब्या तोंडाला लावला आणि सगळं पाणी एका दमात संपवलं. त्या पाण्याइतकं गोड मी काही प्यायले नाही.

लोह्यावरून नांदेडला आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. गल्लीत फटफटीचा आवाज आधी पोचला. माणसं गॅलऱ्यांत आली. दीर गेटशी उभे राहिले आणि उघडलेलं तोंड मिटायचं विसरले. मी गाडी वळवली, डाव्या पायानं ब्रेक लावला आणि सासूबाईंच्या पायरीला लागून उभी केली. आयुष्यात पुष्कळ शाबासक्या घेतल्या, पण असा माज मला कधी चढला नव्हता, आणि मी तो लपवलाही नाही.

सासूबाईंनी आधी मला पाहिलं, मग मागून उतरणाऱ्या मुलाला.

"ही पडली का रे कुठं?"

"न्हाई, आई."

"आन तू?"

"दोनदा."

सासूबाईंनी दिरांकडून मोबाइल मागून घेतला आणि हिंगोलीला नणंदेला फोन लावायला सांगितला. लांबचा फोन आहे म्हणून त्या नेहमीच मोठ्यानं बोलतात, त्यामुळे अख्ख्या गल्लीनं ऐकलं.

"हां, निघायलेत ती दोघं. तांब्या भरून दारात उभी ऱ्हा," त्या म्हणाल्या. "आन ध्यानात ठेव, पानी आधी तुझ्या वहिनीला द्यायचं."