चिठ्ठी चांगली होती

गिरधरभाऊ चौधरींना आमच्या हॉस्पिटलात कुणी प्रेमानं हाक मारल्याचं मला आठवत नाही. मी चार वर्षं त्यांच्याबरोबर नर्स होते आणि त्यातली निम्मी त्यांच्यावर मनातल्या मनात चिडण्यात गेली. रक्ताच्या सिरिंजमध्ये मोहरीएवढा बुडबुडा दिसला, की अख्ख्या वॉर्डासमोर विचारत, "सिस्टर, ही हवा तुमच्या धुळ्याची की आमच्या जळगावची? मशीनला दोन्ही चालत नाहीत." रक्त बर्फात घालून लगेच त्यांच्या टेबलावर पोचलं पाहिजे. फ्रीजमधला बर्फ संपला तर समोरच्या गोळेवाल्याकडून आणायचा, आणि त्याच्याकडेही नसला तर बोलणी खायची.

माणूस सावद्याचा, केळीवाल्या घरातला. मुंबईत राहून हृदयाच्या ऑपरेशनचा पंप चालवायला शिकला. शहाण्णव साली जळगावात एका खासगी हॉस्पिटलानं ही ऑपरेशनं सुरू केली, तेव्हा परतला. मुंबईचे सर्जन महिन्यातून दोनदा येत. हृदय थांबवलं की रोग्याचं रक्त पंपातून फिरायचं, आणि त्यात प्राणवायू किती, कार्बन डायऑक्साइड किती, आम्ल किती, हे सगळं गिरधरभाऊंच्या हातात असायचं. दर वीस मिनिटांनी रक्तातले वायू मोजणाऱ्या मशीनमधून कागदाची चिठ्ठी निघायची. ती वाचून ते गॅसची चावी केसभर फिरवायचे. डॉक्टरांनी विचारलं तर एवढंच म्हणायचे, "चिठ्ठी चांगली आहे." त्यांचा देव म्हणाल तर तो कागद.

सत्त्याण्णवच्या डिसेंबरात त्यांचे मेहुणे तोताराम दाजी टेबलावर आले. झडप बदलायची होती. बाहेर धुरपदाअक्का, म्हणजे भाऊंची मोठी बहीण, सहा तास बाकावर बसून होती. आईमागं भाऊंना तिनंच वाढवलेलं. त्या दिवशी भाऊंनी पंपावरून मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींच्या घशातली नळी निघाली. छातीशी उशी धरून खोकायला, श्वास ओढून व्यायामाच्या नळ्यांतले गोळे वर चढवायला भाऊंनी स्वतः शिकवलं. दहाव्या दिवशी दाजी चालत जिना उतरले.

घरी जाताना अक्कानं विचारलं, "गिरधर, तुह्या दाजीले काय जपाचं रे?"

भाऊंना पुढच्या केसची तयारी करायची होती. चालता चालताच म्हणाले, "थंडी लागू देऊ नको. बाकी बठ्ठं कागदावर लिव्हेल आहे."

कागदावरही तेच होतं, थंडीपासून जपावे. तो वाचून दाखवला मी. आणि थंडीपासून जपणं म्हणजे आपल्याकडे काय, हे आम्हा दोघांनाही ठाऊक असायला हवं होतं. मी काही विलायतेत जन्मले नव्हते.

घरी गेल्यावर पाचव्या दिवशी दाजींना बेशुद्ध अवस्थेत जीपमधून आणलं. भाऊंनी स्वतः मनगटातून रक्त काढलं. बुडबुडा नाही, बर्फ तयार. रक्त लालभडक. "रंग बघा सिस्टर," ते म्हणाले. चिठ्ठीत प्राणवायू भरपूर. आम्ल तेवढं वाढलेलं, पण एवढ्या आजारी माणसाचं ते वाढतंच, म्हणून त्यांनी त्या आकड्यावरून नजर पुढे नेली.

"सर, चिठ्ठी चांगली आहे. फुप्फुसं ठीक आहेत."

डॉक्टर म्हणाले, "मग झडपेवर गुठळी होऊन मेंदूत गेली असणार." मेंदूचा फोटो काढायला हलवावं अशी दाजींची स्थिती नव्हती. गुठळीची औषधं सुरू झाली. आणि प्राणवायू पुरेसा आहे म्हणून मास्कचा पुरवठा कमी केला. ती चावी मी फिरवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का कपाळ दाबत बसली होती. मी चहा दिला.

"माह्यं डोकं कालपासून फुटून ऱ्हायलं," ती म्हणाली. "अन् मी तं नुसती आत-बाहेर करत व्हती."

"आत म्हणजे कुठं?"

"त्याच्या खोलीत. खाटीखाली शेगडी ठेवेल व्हती ना. खिडकीले गोणपाट ठोकलं, दार लावलं. बायंतिनीची कशी खोली गरम ठेवता, तशी. गिरधरनंच सांगितलं व्हतं, थंडी लागू देऊ नको."

धुळ्याला माझ्या दोन्ही बाळंतपणांत आईनं तेच केलं होतं. फक्त आमच्या घराचे पत्रे फुटके होते, म्हणून मी आहे.

मी धावत जाऊन भाऊंना सांगितलं. ते चिठ्ठी हातात घेऊन खुर्चीवर बसले. बंद खोलीतल्या निखाऱ्यांचा विषारी वायू, कार्बन मोनॉक्साइड, रक्ताला असा चिकटतो की प्राणवायूला जागाच उरत नाही, आणि रक्त मात्र लाल दिसत राहतं. आमच्या मशीनला तो वायू मोजताच येत नव्हता. हे भाऊंनी मुंबईत शिकताना वहीत लिहून घेतलेलं होतं.

मास्कमधून प्राणवायू पूर्ण सोडला. तिसऱ्या दिवशी दाजी गेले.

डॉक्टर भाऊंना म्हणाले, "तुमची माणसं आहेत. तुम्हीच सांगा." भाऊंनी अक्काला सांगितलं, गुठळी झाली होती. अक्का सगळ्यांसमोर किंचाळली, "तुह्या मशीननं खाल्लं त्याले!" नंतर भाऊ मला म्हणाले, "माझ्यावर राग धरून ती जगेल सिस्टर. स्वतःवर धरला तर नाही जगायची." मला तेव्हा तो मोठेपणा वाटला. मीही तोंड शिवून बसले. आज स्वतःचीच चीड येते.

वर्ष गेलं. सावद्याशी बोलणं बंद. पुढच्या डिसेंबरात गावचा भाईदास तपासणीला आला आणि सहज म्हणाला, "तुमची भाची बाळंत झाली. माहेरीच आहे, अक्काकडे. मुलगी झाली."

भाऊंच्या हातात सिरिंज होती. ती तशीच टेबलावर ठेवली, बर्फाशिवाय. मला म्हणाले, "चला. मला ती दार उघडायची नाही, तुम्हाला उघडेल."

अक्का दारातच उभी होती. "ह्या घरात पाय ठेवू नको." भाऊ तिला ढकलून आत घुसले. खिडकीला तेच गोणपाट. खाटेखाली शेगडी. भाची पुष्पा हाका मारल्या तरी डोळे उघडेना आणि कुशीतलं बाळ मऊ पडलेलं. भाऊंनी पुष्पाला उचलून अंगणात आणलं, मी बाळाला आणलं. वाऱ्यावर किती वेळ गेला कोण जाणे. पुष्पा ओकली, मग आईला हाक मारली. बाळ रडलं तेव्हा मी त्याला मांडीवर घेऊन पायरीवर बसले.

भाऊंनी शेगडी अंगणात आणून उपडी केली.

"माह्या नवऱ्याले खाल्लं, आते लेकीच्या..." अक्का त्यांच्या अंगावर धावली.

"अक्का, दाजी ऑपरेशननं नही गेले. ह्या शेगडीनं गेले."

ती थांबली.

"तुले कव्हा कयलं?"

"तव्हाच."

तिनं हंडा उचलला आणि सगळं पाणी निखाऱ्यांवर ओतलं. मग तिथंच चिखलात बसली. "म्हंजे मीच मारलं त्याले."

एवढं एक वाक्य तिच्या तोंडून निघू नये, म्हणून आम्ही वर्षभर गप्प होतो. ते निघालंच. भाऊ पुढे झाले, तिच्या खांद्याला हात लावायला. तिनं तो झटकला आणि माझ्या मांडीवरच्या बाळाकडे बोट केलं.

"अन् ही गेली असती, तं ते पाप कोनाच्या माथी रे, गिरधर?"